न्यायालयाला वेळ नाही, ही थाप आहे!

२४ जून १९०८ रोजी इंग्रज सरकारने लोकमान्य टिळकांना मुंबईत पकडले आणि २२ जुलैच्या रात्री न्यायमूर्ती दावर यांनी त्यांना सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा ठोठावली. अटक, जामिनाचा अर्ज, त्याला नकार, ज्युरीची निवड, टिळकांचे कित्येक दिवस चाललेले बचावाचे भाषण, ज्युरीचा सात विरुद्ध दोन असा कौल आणि शिक्षा, सारे २८ दिवसांत उरकले. हेच दावर १८९७ साली टिळकांचे वकील होते. त्या वर्षी त्यांनीच टिळकांच्या जामिनासाठी अर्ज केला होता आणि न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी तो मंजूर केला होता. अकरा वर्षांनी वकिलाचा न्यायमूर्ती झाला आणि जामिनाविषयीचे त्याचे मतही पालटले. या खटल्याला न्याय म्हणण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. पण राज्यकर्त्याला निकाल हवा असला की न्यायालय किती वेगाने धावू शकते, याचा तो लेखी पुरावा आहे. आणि तो पुरावा परक्या राजवटीबरोबर बोटीत बसून विलायतेला गेलेला नाही.

आज देशभरच्या न्यायालयांत पाच कोटींहून अधिक प्रकरणे तुंबली आहेत. जिल्हा आणि तालुका न्यायालयांत साडेचार कोटींच्या वर, पंचवीस उच्च न्यायालयांत साठ लाखांच्या वर, सर्वोच्च न्यायालयात ऐंशी हजारांच्या वर. याचा जाब विचारला की दिल्लीपासून तालुक्यापर्यंत एकच उत्तर येते: न्यायाधीश थोडे, प्रकरणे फार, वेळ नाही. आम्ही स्पष्ट शब्दांत सांगतो, ही थाप आहे. वेळ आहे. तो कोणाला द्यायचा आणि कोणाला तारखेवर झुलवत ठेवायचे, एवढाच काय तो निवाडा रोज होत असतो. आणि या निवाड्यावर अपील नाही.

२०२० चा नोव्हेंबर महिना आठवा. एका वृत्तवाहिनीचे संपादक अर्णब गोस्वामी यांना ४ नोव्हेंबरला रायगड पोलिसांनी अटक केली. पुढे त्यांना तळोजा कारागृहात हलवण्यात आले. ९ तारखेला उच्च न्यायालयाने अंतरिम जामीन नाकारला, सर्वोच्च न्यायालयात अर्ज गेला, दुसऱ्याच दिवशी सुनावणी झाली आणि ११ तारखेच्या संध्याकाळी गोस्वामी तुरुंगाबाहेर होते. व्यक्तिस्वातंत्र्य एका दिवसासाठी हिरावले गेले तरी ते फार झाले, असे त्या प्रकरणात न्यायपीठाने बजावले. शंभर टक्के मान्य! गोस्वामींना जामीन मिळाला याबद्दल आमची तक्रार नाही. कोणाही नागरिकाचा अर्ज असाच ऐकला गेला पाहिजे. पण त्याच तळोजा कारागृहात त्याच आठवड्यात त्र्याऐंशी वर्षांचे एक वृद्ध पाद्री होते. स्टॅन स्वामी त्यांचे नाव. कंपवाताने हात थरथरत असल्यामुळे त्यांना पेला धरता येत नव्हता. पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ आणि सिपर मिळावा, असा अर्ज त्यांनी ६ नोव्हेंबरला विशेष न्यायालयात केला. या अर्जावर उत्तर देण्यासाठी राष्ट्रीय तपास संस्थेने वीस दिवसांची मुदत मागितली, आणि ती तिला मिळाली. तो म्हातारा पुढे ५ जुलै २०२१ ला मुंबईच्या एका रुग्णालयात वारला. त्याचा जामीनअर्ज तोवर उच्च न्यायालयासमोर प्रलंबितच होता. एकच कारागृह, एकच महिना, एकच राज्यघटना, तिचे तेच एकविसावे कलम! सांगा आता, कमी काय पडले? न्यायाधीश, की वेळ?

आणि स्वतःच्या अब्रूचा प्रश्न आला की न्यायालयाची चाल पाहावी. ज्येष्ठ वकील प्रशांत भूषण यांनी २०२० च्या जूनअखेरीस दोन ट्वीट केले. देशात करोनाचा हाहाकार होता, न्यायालयांचे दरवाजे अर्धवट बंद होते, मजूर रस्त्याने चालत गावी गेले त्याला काही महिनेच झाले होते. अशा वेळी १४ ऑगस्टला ते न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी ठरले आणि ३१ ऑगस्टला एक रुपया दंड झाला. दोन महिन्यांत आरोप, सुनावणी, निकाल, शिक्षा! तालुक्यातल्या एखाद्या विधवेला पोटगीची पहिली तारीख पडायला याहून अधिक काळ लागतो.

विलंब म्हणजे निकाल न देणे, असे समजणारा भाबडा आहे. विलंब हाच एक निकाल असतो आणि तो बहुधा सरकारच्या बाजूचा असतो. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री नोटा रद्द झाल्या. त्या निर्णयाची घटनात्मकता न्यायालयाने २ जानेवारी २०२३ ला तपासली, तोवर नव्या नोटाही मळून गेल्या होत्या. निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरले १५ फेब्रुवारी २०२४ ला. त्यांच्याविरुद्धच्या याचिका २०१७ पासून पडून होत्या, स्थगिती दोनदा नाकारली गेली होती आणि मधल्या काळात सोळा हजार कोटींहून अधिक रुपयांचे रोखे विकले गेले होते. ते पैसे कुठल्या पक्षाकडून परत आले? एकही छदाम नाही! त्या पैशावर लढलेल्या निवडणुका रद्द झाल्या? नाहीत. निकाल झकास, इंग्रजी सुरेख, कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ करायला उत्तम. मुडदा पुरल्यावर धन्वंतरीने अचूक निदान सांगावे, तसला हा प्रकार.

महाराष्ट्राने तर ही चैन स्वतःच्या अंगावर भोगली. जून २०२२ मध्ये राज्यात सत्तांतर झाले. ११ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले की राज्यपालांनी बहुमत चाचणीसाठी बोलावणे चुकीचे होते. पण मुख्यमंत्र्यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिला, म्हणून घड्याळ मागे फिरवता येत नाही. अपात्रतेचे काय ते अध्यक्षांनी ठरवावे! अध्यक्षांनी १० जानेवारी २०२४ ला ठरवले की अपात्र कोणीच नाही. त्यावर पुन्हा दिल्लीला धाव. दरम्यान विधानसभेची मुदत संपली, नोव्हेंबर २०२४ मध्ये नवी निवडणूकही होऊन गेली, आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयात पडूनच राहिला. ज्या सभागृहातल्या सदस्यांच्या पात्रतेचा प्रश्न होता, ते सभागृहच उरले नाही. हरला कोण? तेरा कोटींचे राज्य हरले. कोणत्याही पक्षाचा झेंडा खांद्यावर घेऊन आम्ही हे लिहीत नाही. उद्या दुसऱ्या पक्षाची पाळी येईल आणि त्यालाही हीच औषधी पाजली जाईल.

स्थानिक स्वराज्य संस्थांचे तर वाभाडेच निघाले. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, ‘जैसे थे’चा आदेश, पुढची तारीख, पुन्हा पुढची तारीख. अखेर ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून फर्मावले आणि मुंबईकरांनी मत दिले ते २०२६ च्या जानेवारीत. जवळपास चार वर्षे देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका एका प्रशासकाच्या सहीवर चालली! ‘जैसे थे’ हा आदेश वाचायला निरुपद्रवी वाटतो. पण जे चालले आहे ते सत्ताधाऱ्याच्या सोयीचे असेल, तर ‘जैसे थे’ म्हणजे सत्ताधाऱ्याला बहाल केलेली सनद असते.

आता रक्ताचा हिशेब मांडू. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मुंबईच्या लोकलगाड्यांत स्फोट झाले, पावणेदोनशेहून अधिक माणसे मेली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बाराजणांना दोषी ठरवले, त्यांतल्या पाचजणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडले. त्यांतला एक तर आधीच तुरुंगात मेला होता. यानंतर दहाच दिवसांनी, ३१ जुलैला, मालेगावच्या २००८ च्या स्फोटाचा निकाल लागला. सहा माणसे मेली होती. सातही आरोपी सुटले. पहिल्या निकालाने एका बाजूचे लोक खवळले, दुसऱ्याने दुसऱ्या बाजूचे, आणि या कोलाहलात खरा प्रश्न कोणी विचारलाच नाही. एकोणीस आणि सतरा वर्षांनंतर या राज्याची न्यायव्यवस्था दोन्ही हत्याकांडांच्या वारसांना सांगते की तुमची माणसे कोणी मारली हे आम्हाला सिद्ध करता आले नाही! तपास यंत्रणा नालायक, हे खरेच. पण नालायक तपास ओळखायला न्यायालयाला दीड तप का लागावे? सुटलेल्यांची जवानी कोण भरून देणार, आणि जे मेले त्यांच्या आयांना काय सांगणार? डॉ. नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात गोळ्या घातल्या. खालच्या न्यायालयाचा निकाल यायला १० मे २०२४ उजाडला. मारेकरी दोषी ठरले. कट कोणी रचला, ते अंधारातच राहिले.

वेळ नसलेले हेच न्यायालय शनिवारीही बसते, हेही लोकांनी विसरू नये. प्राध्यापक जी. एन. साईबाबा चाकाच्या खुर्चीला जखडलेले. नागपूर खंडपीठाने १४ ऑक्टोबर २०२२ ला, शुक्रवारी, त्यांना निर्दोष ठरवले. सरकारने दिल्ली गाठली आणि शनिवारी, सुटीच्या दिवशी, खास बैठक भरवून सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल स्थगित केला. साईबाबा तुरुंगातच राहिले. पुन्हा सुनावणी होऊन ५ मार्च २०२४ ला नागपूर खंडपीठाने त्यांना पुन्हा निर्दोष ठरवले. सुटकेनंतर सात महिन्यांनी ते वारले. गडचिरोलीचा त्यांचा एक आदिवासी सहआरोपी तर निर्दोष ठरवणाऱ्या पहिल्या निकालाआधीच कोठडीत मरण पावला होता. एका अपंग माणसाला आत ठेवण्यासाठी शनिवार सापडतो. त्याला बाहेर काढण्यासाठी कॅलेंडरात वारच नसतो!

तुरुंगांकडे पाहा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे देशात सुमारे पावणेसहा लाख कैदी होते आणि त्यांतले सव्वाचार लाखांहून अधिक, म्हणजे शेकडा पंचाहत्तर, कच्चे कैदी होते. यांचा गुन्हा शाबीत झालेला नाही. त्यांत दलित, आदिवासी आणि मागासवर्गीय सुमारे दोन तृतीयांश. १९७९ मध्ये हुसैनारा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बिहारच्या तुरुंगांतले असेच कैदी पाहून हंबरडा फोडला होता, जलद सुनावणी हा मूलभूत हक्क आहे असे ठणकावले होते. चार दशके उलटली. हक्क पुस्तकात आहे आणि माणूस बरॅकीत आहे. पुष्कळांना जामीन मंजूरही झालेला असतो; पण तहसील कचेरीतला ऐपतीचा दाखला आणणारा जामीनदार मिळत नाही. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याला जामीनदार कुठून मिळायचा? नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे ४७९ वे कलम म्हणते की पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने संभाव्य शिक्षेचा एक तृतीयांश काळ काढला की त्याला सोडावे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळावेत. तुरुंग अधीक्षकानेच तसा अर्ज न्यायालयात करायचा आहे. कलम छान आहे. अधीक्षकाने अर्ज केला नाही तर त्याला शिक्षा काय, ते मात्र कलमात शोधून सापडणार नाही.

तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात जाऊन बसा. सकाळी बोर्डावर शंभरावर प्रकरणे. पट्टेवाला नावे पुकारतो, वकील ‘मुदत द्यावी’ म्हणतात, न्यायाधीश तारीख देतात, आणि ज्या शेतकऱ्याने रोजगार बुडवून, एसटीचे भाडे खर्चून, वकिलाच्या कारकुनाच्या हातावर काही ठेवून पायरी चढलेली असते, तो अर्ध्या मिनिटात बाहेर. एका पक्षकाराला तीनहून अधिक तहकुबी देऊ नयेत, असा नियम दिवाणी प्रक्रिया संहितेत २००२ पासून लिहिलेला आहे. हा नियम माहीत असलेला एकही पक्षकार तुम्हाला आवारात भेटणार नाही, आणि तो पाळणारे न्यायालय भेटले तर त्याचे नाव आम्ही आनंदाने छापू.

बरे, खस्ता खाऊन हुकूमनामा मिळाला, म्हणजे संपले? छे! मग त्याच्या अंमलबजावणीची दरखास्त. १८७२ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने म्हणून ठेवले होते की हिंदुस्थानातल्या पक्षकाराची खरी विवंचना हुकूमनामा हाती आल्यावर सुरू होते. दीडशे वर्षांनी, २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने आकडे मागवले तेव्हा देशात पावणेनऊ लाखांहून अधिक दरखास्ती अंमलबजावणीवाचून पडलेल्या निघाल्या, आणि त्यांतल्या तीन लाखांहून अधिक एकट्या मुंबई उच्च न्यायालयाच्या कक्षेतल्या. म्हणजे जिंकलेल्या माणसांचा सर्वांत मोठा पराभव आपल्या महाराष्ट्रात होतो. बेलीफ जातो, कुलूप पाहतो, पंचनामा करतो, परत येतो. बंदोबस्त मागावा तर पोलिसांना गणपती, मोर्चा, मंत्र्याचा दौरा.

मग न्यायाधीश खरेच कमी नाहीत काय? आहेत, आणि ते मुद्दाम कमी ठेवलेले आहेत. विधी आयोगाने १९८७ च्या १२० व्या अहवालात सांगितले होते की दहा लाख लोकांमागे साडेदहा न्यायाधीश आहेत, ते पाच वर्षांत पन्नास करा. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसा आदेशच दिला. आज आपण एकवीस-बाविशीत रेंगाळतो आहोत. एप्रिल २०१६ मध्ये सरन्यायाधीश टी. एस. ठाकूर यांचा पंतप्रधानांसमोर भर सभेत गळा दाटून आला. सभा संपली आणि फाइल पुन्हा जागेवर गेली. या देशातला सर्वांत मोठा दावेदार कोण? सरकार! जमीन घेऊन मोबदला न देणारे सरकार, निवृत्त शिक्षकाच्या वेतनवाढीविरुद्ध दिल्लीपर्यंत अपिले करणारे सरकार. ज्याला खटला हरायचा आहे, तोच न्यायाधीशांच्या नेमणुकीच्या फायलीवर बसलेला आहे. त्याने ती का हलवावी?

न्यायमूर्तीही सोवळे नाहीत. १९९३ च्या निकालाने त्यांनी नेमणुकीचा अधिकार स्वतःकडे घेतला आणि न्यायवृंद नावाची बंद खोली बांधली. त्या खोलीत कोणाचे नाव का आले, कोणाचे का गळाले, हे बाहेर धड कळत नाही. संसदेने केलेला नियुक्ती आयोग १६ ऑक्टोबर २०१५ ला चार विरुद्ध एक मतांनी रद्द झाला. सरकारच्या मुठीत नेमणुका जाऊ नयेत, हे आम्हाला पूर्ण मान्य आहे. १९७३ मध्ये तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून सरन्यायाधीश नेमला गेला. १९७६ मध्ये जबलपूर प्रकरणात आणीबाणीपुढे चौघांनी मान तुकवली, एकट्या हंसराज खन्नांनी ती ताठ ठेवली आणि पुढच्याच वर्षी सरन्यायाधीशपद गमावले. हे सारे आम्ही विसरलेलो नाही. पण सरकारची मूठ नको म्हणून पाचजणांची मूठ, हा कुठला तोडगा? कोणते प्रकरण कोणत्या पीठापुढे जाणार, हे एकटे सरन्यायाधीश ठरवतात. १२ जानेवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या चार ज्येष्ठ न्यायमूर्तींनी हिरवळीवर पत्रकार बोलावून याच वाटपावर बोट ठेवले होते. त्या चौघांतले एक, रंजन गोगोई, पुढे स्वतः सरन्यायाधीश झाले. पद्धत तीच राहिली. नोव्हेंबर २०१९ मध्ये ते निवृत्त झाले आणि मार्च २०२० मध्ये राज्यसभेवर नामनियुक्त झाले. निवृत्त न्यायमूर्तींनी सरकारी पदे घेऊ नयेत, असे मोतीलाल सेटलवाड यांच्या विधी आयोगाने १९५८ मध्येच बजावले होते. त्या अहवालाला वाळवी लागली असेल; मोहाला लागलेली नाही.

केवळ एका सहीने काय होते, ते कोल्हापूरला विचारा. उच्च न्यायालयाचे खंडपीठ हवे म्हणून सहा जिल्ह्यांतले वकील आणि पक्षकार चार दशके आंदोलने करत होते. मागणी अव्यवहार्य आहे, मुंबई काय दूर आहे, असे त्यांना ऐकवले गेले. १८ ऑगस्ट २०२५ ला तिथे सर्किट बेंच सुरू झाले. घटनादुरुस्ती झाली? नाही. नवा कायदा झाला? नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यातले ५१ वे कलम तेवढे वापरले गेले. मुख्य न्यायमूर्तींचा आदेश आणि राज्यपालांची संमती, बस्स. सत्तर वर्षे ते कलम तिथेच होते. सावंतवाडीचा म्हातारा मात्र इतकी वर्षे रात्रभर प्रवास करून फोर्टात तारीख घ्यायला जात राहिला. आणि तिथे पोचून त्याला काय कळले? घटनेच्या ३४८ व्या कलमाने उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी. राज्यपालांना राष्ट्रपतींच्या संमतीने राज्याच्या भाषेला परवानगी देता येते. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि बिहार यांना हिंदीची मिळालेली आहे. मराठीला अभिजात दर्जा देऊन ढोल बडवणाऱ्यांनी हे एक कलम हलवून दाखवावे, मग मिरवणुका काढाव्यात.

असे लिहिणे न्यायालयाचा अवमान आहे, असे कोणी शहाणे सांगतील. अवमान तर बरॅकीत बसलेल्या त्या सव्वाचार लाखांनी रोज सोसला आहे. न्यायालयाची प्रतिष्ठा आम्हाला त्याच्या खुशामतखोरांहून अधिक प्यारी आहे. म्हणून सांगतो की जामिनाचे अर्ज दाखल झाल्याच्या क्रमाने आणि ठरल्या दिवसांत निकाली काढा, प्रकरणांचे वाटप लेखी नियमाने आणि उघड करा, न्यायवृंदाची कारणे जाहीर करा, सरकारच्या फालतू अपिलांचा खर्च सही करणाऱ्या अधिकाऱ्याच्या पगारातून वसूल करा, आणि निवृत्तीनंतरची सरकारी खुर्ची कायद्याने बंद करा. यातल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नाही.

वाचकहो, तुमच्या आमदाराला एक पत्र लिहा. आपल्या तालुक्यात आणि जिल्ह्यात न्यायाधीशांच्या किती जागा मंजूर आहेत, किती रिकाम्या आहेत आणि कधीपासून, हे त्यांनी येत्या अधिवेशनात सरकारला विचारावे, अशी मागणी करा. उत्तर लेखी घ्या. ते मिळाले नाही, तर आमदाराचे नाव आणि तुमच्या पत्राची तारीख आम्हाला कळवा. आम्ही ती छापू.